शेवटच्या चौकोनातली हलगी

शालनला दुसरी मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. बारसं उरकून आम्ही नवरा-बायको लेकीच्या सासरहून मिरजेच्या स्टँडवर उतरलो, आणि घरची गाडी धरायची सोडून मालक रस्ता ओलांडून पलीकडे चालायला लागले.

"अहो, गाडी इकडं लागलीया," मी म्हणाले.

"सुदाम थांबलाय दुकानात. ये मुकाट्यानं."

सुदाम म्हणजे माझ्या थोरल्या दिराचा मुलगा. बँजो पार्टीत की-बोर्ड वाजवायचा. तो एका वाद्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. आत एका बाजूला तंबोऱ्याचे भोपळे टांगलेले आणि दुसऱ्या बाजूला वायरींचा गुंता. मधे दुकानदार रफिकभाई चहा पीत बसले होते.

"हे आमचे तात्या," सुदाम म्हणाला. "हलगीत यांच्यापुढं कोण न्हाई. पण घुमकंवाला पुण्याला वॉचमन झाला आणि कैताळवाला साखर कारखान्यात चिकटला. एकट्या हलगीला सुपारी मिळंना झालीया."

घुमकं म्हणजे हलगीच्या खालचा जाड आवाज आणि कैताळ म्हणजे मोठ्या पितळी झांजा. ही तिन्ही एकत्र असली तर हलगी उभी राहते. मालक म्हणायचे, एकटी हलगी म्हणजे ताटात नुसतं तिखट.

रफिकभाईंनी काचेवर तीन मशिनं मांडली. पहिलं मोठं होतं, त्याला विजेचं बटण लागायचं. मालकांनी हातानंच ते बाजूला सारलं. "पालखीपुढं चालताना वायर कुणाच्या घरात खुपसू?"

दुसऱ्याला कॉम्प्युटर लागत नव्हता, विजेचं बटणही लागत नव्हतं. रफिकभाईंनी त्यातले ढोल वाजवून दाखवले. मालक मान खाली घालून ऐकत राहिले.

"ह्याच्यात घुमकं कुठाय?"

"घुमकं नाही तात्या. जे कंपनीनं भरलंय तेच वाजतं. बाहेरचं आत जात नाही."

"मग हे कुणाच्या लग्नात वाजायचं? कंपनीच्या?"

सुदाम हसला. रफिकभाईही हसले आणि त्यांनी तिसरं पुढं केलं. वहीएवढं, काळं. वर रबराचे चौकोन ओळीनं बसवलेले. बाजूला एक गोल फिरकी.

"याला ग्रूव्हबॉक्स म्हणतात. सेलवर चालतो. स्पीकर लावा, हेडफोन लावा, काही न लावता गळ्यात घेऊन फिरा. आणि तुमचा आवाज तुम्ही याच्यात भरायचा. हा माईक. तुम्ही घुमक्यावर ठोका द्या, तो या चौकोनात जाऊन बसेल. बोट दाबलं की बाहेर येईल. चाल एकदा भरली की आपली आपण फिरत राहील."

मालकांनी तो डबा उचलला. आम्ही त्याला पुढं कायम डबाच म्हणालो. त्यांनी तो उलटा केला, वास घेतला, मग पंचा काढून त्याला बांधला, गळ्यात अडकवला आणि दुकानाबाहेर जाऊन रस्त्यानं वरातीत चालतात तसे हळूहळू चालून आले. केळीवाला त्यांच्याकडं बघत राहिला.

"हलका हाय," ते परत येऊन म्हणाले. "पावसात चालतो का?"

"हलगी पावसात चालते का तात्या?"

"न्हाई."

"मग याच्यावर का जुलूम?"

मालकांना ते पटलं. त्यांनी अजून एकच विचारलं. "मी चाल वाढवली की हा वाढवंल?"

"ही फिरकी फिरवायची. उजवीकडे चढती, डावीकडे उतरती."

"आपला आपण न्हाई वाढवणार? माझ्या खांद्याकडं बघून?"

"त्याला डोळे नाहीत, तात्या."

मालकांनी फिरकी एकदा फिरवून बघितली. मग म्हणाले, "फिरकीवर माणूस पाहिजे. सुदाम, तू?"

"मला ह्या हंगामात सुट्टी न्हाई तात्या. आणि तुमची चाल मला कळत न्हाई, मी आकड्यावर वाजवणारा."

तेव्हा मालकांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. "हिला सगळं पाठ हाय," ते म्हणाले. "ही दाबंल."

आमच्यात बाईनं हलगी खांद्याला लावायची नाही. माझा बाप हलगीवाला, आजा हलगीवाला, नवरा हलगीवाला. लहानपणापासून मी चालींतच झोपले आणि चालींतच उठले. पीठ मळताना माझी बोटं परातीवर चालायची आणि आई हातावर फटका मारायची. जत्रेच्या आधी चिपाडं पेटवून हलगी शेकायचं काम बायकांचं. शेकून झाली की ती बापईमाणसाच्या हातात द्यायची.

"बाईनं वाजवलेलं चालंल व्हय?" मी विचारलं.

"हे चामड्याचं न्हाई, लाकडाचं न्हाई," मालक म्हणाले. "ह्याला कसला नेम?"

घरी आल्यावर आवाज भरायचे होते. शेजारच्या गावातून घुमकं मागून आणलं. अंगणात चिपाडं पेटवली, वाद्यं शेकली, सुदामनं डबा पाटावर ठेवला.

"तात्या, घुमक्यावर एकच ठोका द्या. एकच. आणि थांबा."

मालकांनी ठोका दिला, त्याच्यामागं दुसरा दिला, तिसरा दिला आणि चाल सुरू झाली.

"एकच, तात्या."

"एकच देतोय."

पुन्हा तेच. चारपाचदा झालं. शेवटी मालक घुमकं खाली ठेवून म्हणाले, "एकटा ठोका मला येत न्हाई बाबा. हात पुढं जातो."

मग मी त्यांचं मनगट धरलं. ठोका पडला की मी हात मागं ओढायचा, असं ठरलं. असं धरून धरून आम्ही घुमकं भरलं, कैताळ भरलं. सुदाम हसून लोळला. "काकी, हा आवाज निम्मा तुमचा म्हणायचा."

मला लिहावाचायला येत नव्हतं. चौकोनांवरचे आकडे माझ्या उपयोगाचे नव्हते. मी घुमक्याच्या चौकोनावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि कैताळाच्या चौकोनाला हळद लावली.

"पूजाच केलीत की मशिनीची," सुदाम म्हणाला.

उठता उठता मालकांनी आपली हलगी उचलली आणि सगळं नीट बसलं का बघायला डब्यातल्या घुमक्याबरोबर थोडी वाजवली. माईक चालूच होता. सुदामनं बघितलं तर शेवटच्या चौकोनात हलगीचे ठोके जाऊन बसलेले. जोरात दाबलं की उजव्या हातातल्या जाड टिपरूचा ठोका, हळू दाबलं की डाव्या हातातल्या काडीचा.

"हे राहू दे का तात्या?"

"हलगी डब्यात कशाला? मी हाय की," मालक म्हणाले. "पुसून टाका."

सुदामला गाडी गाठायची होती. पुसायचं कसं ते त्यानं मला दाखवलं आणि तो गेला. त्या चौकोनावर मी कुंकू लावलं नाही, हळद लावली नाही. पुसलंही नाही.

पुढचे महिने चांगले गेले. डबा गळ्यात अडकवून मी मालकांच्या डाव्या बाजूनं चालायची. आधी लोक हसले, मग सवय झाली. मालकांचा उजवा खांदा उचलला गेला की चाल चढणार, हनुवटी खाली आली की उतरणार. फिरकीवर माझी दोन बोटं आणि डोळे त्यांच्या खांद्यावर. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्याकडं तेवढं कधी पाहिलं नव्हतं. एका वरातीत त्यांनी मधेच चाल मोडली आणि दुसरी धरली, आणि मी त्यांच्याबरोबरच वळले. ते वाजवता वाजवता माझ्याकडं बघून हसले. लग्नाच्या वेळीसुद्धा असे हसले नव्हते.

मात्र त्यांचं मनगट दुखायला लागलं होतं. सकाळी तांब्या धरताना हात थरथरायचा. एका बारशात टिपरू हातातून निसटलं. त्या दिवशी घरी येताना त्यांनी मला सांगून ठेवलं.

"ऐक. मी थांबलो की तू थांबायचं. लगोलग. डब्याचा आवाज हलगीच्या मागं राह्यला तर लोक हसतात."

"आणि हात गेला तर?"

"हात गेला तर घुमकं चालू ठेव. मी चार ठोक्यांत परत येतो."

"मला कसं कळायचं, थांबला का हात गेला?"

"आंधळी हायस काय? बघून कळंल की."

ते खरंच होतं. बघून कळायचं.

दुपारी ते झोपले की मी चुलीपाशी बसून डबा मांडीवर घ्यायची, हेडफोन कानाला लावायची आणि शेवटचा चौकोन वाजवायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी रबर चोळत बसली आहे. माझ्या कानात मात्र हलगी असायची. लग्नाची चाल, पालखीची चाल, कुस्तीची चाल. ज्या चाली परातीवर वाजवल्याबद्दल मार खाल्ला, त्या सगळ्या त्या चौकोनातून निघायच्या. भाकरी करपली तरी मला वास यायचा नाही.

एकदा डोळे मिटून वाजवत होते आणि कानातला एक भाग कुणीतरी काढून घेतला. मालक मागं उभे होते. त्यांनी तो आपल्या कानाला लावला. माझी बोटं थांबली नाहीत, कशी कोण जाणे.

"कोण वाजवतंय हे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. त्या दिवशीचं राह्यलंय."

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवाज माझा हाय. हात माझा न्हाई. माझा हात एवढा हलका कधीच नव्हता."

मी बोटं चौकोनावरून उचलली.

"पुसून टाक म्हटलं होतं," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन बाजेवर बसले. रागावले नव्हते. पण त्या दिवशी चहा नको म्हणाले.

देवराळच्या यात्रेचं मैदान मालकांकडं बापापासून होतं. मैदान म्हणजे कुस्त्यांचं मैदान. तिथं हलगी नुसती वाजत नाही, ती कुस्ती चढवते. पैलवान सलामीला आले की हळू, झोंबी सुरू झाली की चढ, डाव बसायला आला की वाजवणाऱ्याचे हात दिसू नयेत अशी घाई. आणि देवराळचा एक आपला रिवाज होता. तिथं गर्दी एवढी की पंचाची शिट्टी पैलवानांना ऐकू येत नसे. म्हणून हलगी थांबली की दोघांनी हात सोडायचे. हलगीवाला पंचाच्या शेजारी उभा राहायचा तो त्यासाठीच.

त्या वर्षी शेवटची कुस्ती आमच्या गावच्या संपतची होती. संपत मालकांच्या हलगीवर मोठा झालेला. लहान असताना तालमीच्या दारात मालक वाजवत बसायचे आणि हा आत जोर मारायचा. यात्रेच्या आदल्या दिवशी तो आमच्या घरी आला. चहाचा कप त्याच्या पंज्यात खेळण्यातला वाटत होता.

"तात्या, समोरचा दांडगा हाय. मान धरतो म्हणत्यात."

"धरू दे. कान माझ्याकडं ठेव," मालक म्हणाले. "मी पंचाच्या आधी बघतो. काय वाकडं दिसलं की हलगी बंद. बंद झाली की तो सोडतोय, तू सोड."

"तुमच्या हलगीवर तर आजवर उभा हाय," संपत म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "काकी, तुम्ही पण हाय न्हवं डबा घेऊन?"

"हाय की."

"मग काय, घरचंच मैदान."

पण सकाळी देवराळला पोहोचलो आणि यात्रा कमिटीचे जगन्नाथअण्णा आडवे आले.

"ज्ञानू, बाईमाणूस मैदानात न्यायचं न्हाई. तुला माहीत न्हाई व्हय?"

"जी अण्णा, ती वाजवत न्हाई. नुसतं बटण हाय," मालक म्हणाले.

"नुसतं बटण असलं तर कुठनंबी दाबता येतं," अण्णा म्हणाले. "स्पीकरची ट्रॉली हाय न्हवं कडंला, तिथं ताडपत्रीआड बसू दे. मैदानावर नजर पडाय नको."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. सुपारी घेतलेली होती, संपत खेळणार होता. परत फिरायचा प्रश्नच नव्हता. मी ट्रॉलीत चढले. माईकवाल्यानं मालकांच्या हलगीजवळ माईक लावला होता, त्याची वायर आणि माझ्या डब्याची वायर एकाच मशिनीत गेली. दोघांचा आवाज त्याच कर्ण्यांतून बाहेर पडणार होता. मग ताडपत्री सोडली गेली. पिवळा उजेड झाला. मला ना मैदान दिसत होतं ना मालकांचा खांदा.

बघून कळंल, असं आमचं ठरलं होतं. त्या घडीला ते मालकांच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही नाही.

दिवसभर कुस्त्या झाल्या. कानानं सगळं जमून गेलं. उलट मला वाटायला लागलं की दिसत नाही तेच बरं. मालकांची हलगी चढली की मी फिरकी फिरवायची, उतरली की उतरवायची. थांबली की थांबायची. दुपार कलल्यावर मात्र त्यांचा हात जड झाल्याचं कळत होतं. काडीचा ठोका मागं पडत होता. बाकी कुणाला कळला नसता. मला प्रत्येक ठोका कळत होता, आणि तो मागं पडला की माझी बोटं आपोआप शेवटच्या चौकोनावर जाऊन थांबत होती. दाबत नव्हती. नुसती तिथं थांबत होती.

शेवटची कुस्ती लागली. संपतचं नाव पुकारलं आणि एवढा कल्ला झाला की ताडपत्री हलली. हलगी सुरू झाली. सलामी, हळू. मग चढ. मी फिरकी फिरवत गेले. माणसं उठून उभी राहिल्याचा आवाज आला. मालकांनी कुस्तीची शेवटची चाल धरली, ती घाईची. त्यांच्या मनगटाला ती झेपत नाही हे मला ठाऊक होतं.

आणि हलगी थांबली.

माझ्या मनात आलं, हात गेला. त्यांच्या बापापासूनच्या मैदानात, संपतच्या कुस्तीत, एवढ्या गर्दीपुढं. घुमकं चालू ठेव म्हणाले होते. घुमकं चालूच होतं. पण नुसतं घुमकं पुरलं नसतं, लोकांना कळलं असतं. मी शेवटचा चौकोन दाबला.

हलगी पुन्हा सुरू झाली. कर्ण्यांतून, त्याच जागेवरून, त्याच चालीत. मी दोन्ही हातांनी वाजवत होते. टिपरू, काडी, टिपरू, काडी. मैदानातली माणसं ओरडत होती आणि मी चाल आणखी चढवली.

मग ओरडण्याचा आवाज बदलला. कुणीतरी ताडपत्री ओढून फाडली. माईकवाला होता.

"बंद कर बाई! बंद कर ते!"

उजेडात मी पाहिलं. मालक पंचाच्या शेजारी उभे होते, दोन्ही हात वर करून. हलगी त्यांच्या छातीवर नुसती लोंबत होती. ते कर्ण्याकडं बघत होते. पलीकडं मातीत लोक वाकले होते आणि मधे संपत पालथा पडला होता.

काय झालं ते मला नंतर समजलं. समोरच्यानं संपतची मान धरली होती. मान वाकडी अडकली, आणि सोड म्हणून संपतनं मातीवर हात आपटला. तो हात पंचाच्या बाजूला नव्हता. मालकांच्या बाजूला होता. मालकांनी पाहिलं आणि लगोलग हलगी थांबवली. समोरचा पैलवान रिवाज मानणारा होता. त्यानं हात सैल केला होता. तेवढ्यात हलगी परत सुरू झाली, तेव्हा त्याला वाटलं कुस्ती चालू आहे, आणि त्यानं परत आवळला.

संपतला जीपमध्ये घालून मिरजेला नेलं. जगन्नाथअण्णा आले, घाम पुसत.

"काय झालं रे ज्ञानू? तुझे हात तर वर होते."

मी ट्रॉलीतून खाली उतरले होते. मी तोंड उघडणार तोच मालक म्हणाले, "मशीन अडकलं, अण्णा."

"तरी म्हणत होतो असली थेरं नकोत," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडं बघून जरा हळू आवाजात म्हणाले, "तिचा काय दोष? तिला काय कळतंय त्यातलं."

सगळे तेच म्हणाले. मिरजेच्या दवाखान्यात संपतच्या आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही काय करणार? मशीनच ती." मी तिच्या हातातला माझा हात बघत राहिले. संपत वाचला. पण त्याची मान पुढं आयुष्यभर वळली नाही. कुणी हाक मारली तर तो अख्खा वळायचा, पायांसकट. कुस्ती गेली. गावच्या दूध डेअरीत फॅट मोजायला बसायचा.

मैदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण सारवत होते आणि ते बाजेवर बसून मनगट चोळत होते.

"मी थांबलो तेव्हा तुला काय वाटलं?" त्यांनी विचारलं.

"तुमचा हात गेला, असं वाटलं."

"हं."

मी सारवत राहिले.

"म्हणून मी... तुमची लाज जाऊ नये म्हणून," मी म्हणाले.

"हात गेला असं वाटल्यावर माणूस जरा थांबतं," ते म्हणाले. "वाट बघतं. आपला माणूस परत येतोय का बघतं. मी म्हटलं होतं, चार ठोक्यांत येतो."

माझा हात शेणात थांबला.

"तू एकसुद्धा थांबली न्हाईस. मी सोडल्यावर पुढचा ठोका तुझाच. मधे मुंगी शिरली नसती. मी एवढी वर्षं वाजवली, कुणाची हलगी अशी उचलता आली न्हाई मला." ते मनगटाकडं बघत होते. "तू तयारच बसली होतीस, छबे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. एका वाजवणाऱ्यानं दुसऱ्याला सांगावं तसं ते सांगत होते, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. हलगी थांबली तेव्हा मला भीती वाटली नव्हती. वाईटही वाटलं नव्हतं. पाळी आली असं वाटलं होतं.

मालकांनी त्यानंतर मैदान धरलं नाही. डबा सुदाम घेऊन गेला. लग्नांत वापरायचा. माझं कुंकू-हळद कधीच पुसून गेली असेल. पुढं गावात बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला, तिथं मी अक्षरं शिकले. मालक दारात बसून माझं वाचन ऐकायचे. आमच्यात त्या दिवसाचं बोलणं पुन्हा निघालं नाही. संपत मात्र दर दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन यायचा, मालकांच्या पाया पडायचा. खाली वाकताना त्याची मान ताठच राहायची आणि मी आत जाऊन चहा टाकायची.

मालकांची तिरडी बांधून झाली तेव्हा वाजवायला कुणी नव्हतं. ज्यानं गावातल्या प्रत्येक मढ्यापुढं हलगी वाजवली, त्याच्यापुढं वाजवणारा हात गावात उरला नव्हता. सुदाम मोटारसायकलवरून आला. त्याच्या पिशवीत तो डबा होता, आणि एक लहान स्पीकर.

"काकी," तो म्हणाला, "शेवटच्या चौकोनात तात्या अजून हायत. मी कधी पुसलं न्हाई. तुम्हीच वाजवा. मला ती चाल येत न्हाई."

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. संपत तिरडीच्या पुढच्या खांद्याला उभा होता. तो खांदा दुसऱ्याला देऊन अख्खा वळला आणि माझ्यासमोर आला.

"वाजवा की काकी," तो म्हणाला. "तात्यांचीच हलगी हाय. माझी काय हरकत न्हाई."

सुदामनं डबा माझ्या मांडीवर ठेवला. रबर जुनं झालं होतं, कडेनं चिरलं होतं. मी शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. इतक्या वर्षांनीही बोटाला शोधावं लागलं नाही. हात तयारच होता.

म्हणून मी तो काढून घेतला.

"न्या आता," मी म्हणाले. "ऊन चढतंय."

ते घेऊन गेले. वस्तीच्या वळणापर्यंत फक्त पायांचा आवाज येत होता.

शालनची तीच धाकटी मुलगी दहावीला बसली त्या वर्षी, फाल्गुनात, होळीच्या आदल्या दिवशी सकाळी आमचे मालक ज्ञानू वायदंडे वारले.